जत्रेतील फिरती शौचालये : निवड करताना घ्यावयाची दक्षता

जत्रा, उरूस आणि वारी हे आपल्या समाजजीवनाचे जुने वैभव होय. आषाढीला पंढरीच्या वाटेवर लक्षावधी पावले पडतात. त्यांत गोवा व बेळगाव भागांतून निघणाऱ्या दिंड्याही असतात. सौंदत्तीची यल्लम्मा असो वा फातर्प्याची शांतादुर्गा असो, यात्रेच्या दिवसांत गावाची लोकसंख्या पाहता पाहता अनेक पटींनी वाढते. गावातील शौचालये गावापुरतीच असल्याने अशा वेळी चाकांवरील फिरती शौचालये भाड्याने आणण्याची पद्धत आता रूढ झाली आहे व ती स्वागतार्ह आहे. तथापि, शौचालये किती आणली एवढ्यावरच बहुधा समाधान मानले जाते. ती कोणाला वापरता येतात, हा प्रश्न मागे पडतो.

जत्रेस येणाऱ्यांत वृद्ध भाविकांचा भरणा मोठा असतो. गुडघे आखडलेली आजी, काठी टेकत येणारे आजोबा, गरोदर स्त्री, चाकांच्या खुर्चीवरून आलेला तरुण या सर्वांना देवदर्शनाइतकीच या सोयीचीही आवश्यकता असते. सोय होणार नाही हे ठाऊक असल्यामुळे कित्येक वृद्ध, विशेषेकरून स्त्रिया, प्रवासात पाणी पिण्याचेच टाळतात. उन्हात चालताना शरीरातील पाणी कमी झाले म्हणजे भोवळ येते. लघवी तासन्‌तास रोखून धरल्याने मूत्रमार्गाचे विकार बळावतात. म्हणजेच, शौचालयाची एक उंच पायरी माणसाला आजारी पाडू शकते.

पायरीचा हिशेब

फिरते शौचालय चाकांच्या सांगाड्यावर उभारलेले असल्याने त्याची जमीन उंचावर असते. वर जाण्यास तीन-चार अरुंद लोखंडी पायऱ्या असतात व पावसात त्या निसरड्या होतात. त्यावर उपाय म्हणून एखादी फळी टेकवून ठेवण्यात येते. परंतु चाकांच्या खुर्चीसाठी उतरत्या वाटेचा चढ बारास एक याहून अधिक नसावा, असा नियम आहे. वाहनाची जमीन ६० सें.मी. उंच असेल, तर ही वाट ७ मीटर २० सें.मी. लांब हवी, शिवाय वर व खाली खुर्ची वळविण्यास मोकळी सपाट जागा हवी. दोन मीटरांच्या फळीवरून खुर्ची चढविणे हे साहस होय, सोय नव्हे.

यावरून निष्कर्ष असा की, प्रत्येक वाहनाला उतरती वाट जोडण्याच्या खटाटोपापेक्षा काही शौचकूप जमिनीलगत ठेवता येतील असेच मागवावेत. उर्वरित वाहनांच्या पायऱ्या रुंद, खडबडीत व दोन्ही बाजूंस कठडा असलेल्या असाव्यात.

आत काय पाहावे?

चाकांच्या खुर्चीसाठीच्या शौचकूपाचे दार उघडल्यावर ९० सें.मी. मोकळी वाट मिळावी. दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. कडी बाहेरूनही काढता येईल अशी असावी. आत खुर्ची वळण्यास सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते.

बैठकीची उंची ४५ ते ४८ सें.मी. ठेवावी, म्हणजे खुर्चीवरून सरकणे व उठणे सुकर होते. बैठकीच्या बाजूस, तिच्यापासून सुमारे २० सें.मी. उंचीवर, मुठीत नीट मावेल असा भक्कम दांडा हवा. पत्र्याच्या भिंतीस नुसत्या स्क्रूने जोडलेला दांडा उपयोगाचा नाही. पूर्ण भार टाकून तो तपासून घ्यावा. नळ व तांब्या बसल्या जागी हाताशी यावेत.

दुसऱ्याने वापरलेल्या बैठकीवर बसणे अनेकांना रुचत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. म्हणून भारतीय पद्धतीचे भांडे व उंच बैठक अशा दोन्ही सोयी ठेवाव्यात आणि बैठक वारंवार पुसण्यास माणूस नेमावा. उंच बैठकीचे शौचकूप मिळत नसल्यास, मध्ये भोक असलेली भक्कम खुर्ची भारतीय भांड्यावर बसवूनही काम भागते. तिचे पाय सरकू नयेत म्हणून त्यांना रबरी टोपणे असावीत.

पाणी, टाकी आणि विल्हेवाट

साध्या भांड्यात ओतून टाकण्यास दोन लिटर व स्वच्छतेस एक लिटर पाणी धरले, तर मैल्यासह दर वापरास सुमारे चार लिटर टाकीत जमा होतात. एका शौचकूपाचा दिवसातून शंभर वेळा वापर झाल्यास ४०० लिटर व दहा शौचकूपांचे ४,००० लिटर होतात. साखळी ओढून दहा लिटर पाणी सोडणारी व्यवस्था असल्यास हा आकडा अडीच-तीन पट होईल. कंत्राटदारास टाकीची क्षमता विचारावी व ती किती तासांनी उपसावी लागेल हे आधीच ठरवावे. भरून वाहणारी टाकी शौचालय नसण्यापेक्षाही घातक असते.

उपसलेला मैला ओढ्यात वा शेतात न सोडता टँकरने मैला शुद्धीकरण केंद्राकडे न्यावा. हे काम यंत्रानेच झाले पाहिजे; हाताने मैला उचलावयास लावणे २०१३ च्या अधिनियमान्वये गुन्हा आहे. शौचालये विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगास, परंतु वृद्धांना चालवेल इतक्या अंतरावर असावीत. पहाटे तीन वाजल्यापासून वर्दळ असते, तेव्हा वाटेवर व आत दिवा हवाच. आपत्तिग्रस्तांच्या छावण्यांसाठी जगभर मान्य झालेल्या मानकांत स्त्रियांना पुरुषांच्या तिप्पट शौचकूप असावेत असे म्हटले आहे. जत्रेतही हेच तत्त्व मार्गदर्शक ठरावे.

स्वतःच्या वाहनातून जाणाऱ्यांसाठी

निवासाची सोय असलेल्या मोटारीतून वा भाड्याच्या गाडीतून यात्रा करणारी कुटुंबेही आता दिसू लागली आहेत. त्यांच्यासाठी पेटीवजा शौचालये मिळतात. त्यांची टाकी साधारण वीस लिटरांची असते, म्हणून ती रोज रिकामी करण्याचे ठिकाण आधी हेरून ठेवावे. बहुतेक पेट्या बुटक्या असतात. घरातील वृद्धास बसवून, आधाराविना उठता येते की नाही हे पाहूनच खरेदी करावी. पेटी उंच करावयाची झाल्यास तिच्याखालचा ओटा वाहनास घट्ट बांधलेला असावा आणि चालत्या गाडीत तिचा वापर करू नये.

सर्वांचे सहकार्य

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सार्वजनिक सोयी दिव्यांगांना वापरता येणे हा त्यांचा हक्क आहे. संबंधित अधिकाऱ्यांनी निविदेतच पायरीची उंची, दाराची रुंदी, बैठक व दांडा यांची मापे नमूद करावीत. माल दारात आल्यावर तक्रार करण्यात अर्थ नसतो. शिक्षकांनी उतरत्या वाटेचे गणित वर्गात सोडवून घ्यावे आणि विद्यार्थ्यांकरवी शाळेतील शौचालयाचीच मापे घ्यावीत. ग्रामस्थांनी जत्रेच्या आदल्या दिवशी एक साधी परीक्षा घ्यावी. गावातील एखाद्या वृद्ध व एखाद्या दिव्यांग व्यक्तीस सन्मानाने बोलावून चढणे, दार लावणे, बसणे, उठणे व उतरणे त्यांना जमते काय, हे त्यांनाच विचारावे. त्यांनी होकार दिला, तर ती व्यवस्था सर्वांच्या उपयोगाची आहे असे निःशंक समजावे.