नवे घर बांधताना वास्तुशास्त्र पाळावे का?

प्रश्न : अमळनेरचे जुने धाब्याचे घर पाडून नवे बांधतो आहोत. वास्तूचे नियम पाळावेत का?

उत्तर : कारण समजून पाळा. नैर्ऋत्येला जाड भिंती सोयीच्या, कारण दुपारनंतरचे ऊन पश्चिमेच्या बाजूने येते, आणि खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. ईशान्य मोकळी असली की सकाळचे कोवळे ऊन आत येते. आग्नेयेची चूल धुरासाठी बरी होती. आता गॅस आहे, तेवढ्यासाठी भिंती हलवू नका. दिशा बदलून पैसा येईल, हे मला पटत नाही.

दिशांपेक्षा छताकडे लक्ष द्या. धाब्यावरच्या मातीचा जाड थर दुपारचा ताप अडवतो. सिमेंटचा उघडा स्लॅब मात्र रात्रीही धगधगतो. म्हणून स्लॅबला पांढरा चुना द्या आणि पश्चिमेच्या खिडक्या लहान ठेवा. शिवाय, जुन्या घराच्या सागवानी तुळया विकू नका, नव्या घरात वापरा.