स्तनातील गाठ : निदानाच्या तीन पायऱ्या

स्तनात गाठ लागली की घरात भीती पसरते. वस्तुतः अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण वयात आढळणारी, बोटाखाली सहज सरकणारी गाठ किंवा द्रवाने भरलेली पुटी बहुधा निरुपद्रवी असते. परंतु हे केवळ स्पर्शाने निश्चित करता येत नाही. कर्करोगाची गाठ आरंभी सहसा दुखत नाही. त्यामुळे आणि संकोचामुळे अनेक स्त्रिया उपचाराचे मोलाचे महिने गमावतात.

निदानाची पहिली पायरी म्हणजे डॉक्टरांनी दोन्ही स्तन व काखा तपासणे. दुसरी पायरी प्रतिमेची. चाळिशीनंतर प्रामुख्याने मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचे क्ष-किरण चित्रण, केले जाते. तरुण स्त्रियांच्या स्तनातील ऊती दाट असल्याने या चित्रात गाठ झाकली जाऊ शकते. म्हणून त्यांच्या बाबतीत प्रथम सोनोग्राफी करतात. गाठ भरीव आहे की द्रवयुक्त, हेही तीत समजते.

तिसरी पायरी पेशींच्या तपासणीची. बारीक सुईने गाठीतील थोड्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरतात व रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यास काही मिनिटेच लागतात. जाड सुईने ऊतीचा लहान तुकडा काढल्यास रोगाचा प्रकार आणि उपचारास उपयुक्त असे त्याचे गुणधर्मही कळतात. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, ही समजूत निराधार आहे.

तिन्ही निष्कर्ष जुळले तरच निदान पक्के मानावे. एकही निष्कर्ष संशयास्पद असल्यास, किंवा पेशी अपुऱ्या मिळाल्यास, तपासणी पुढे चालू ठेवणे आवश्यक असते. 'सुईत काही निघाले नाही' एवढ्यावर निश्चिंत होणे धोक्याचे ठरते.

पुणे शहरात १८६७ पासूनचे ससून सर्वोपचार रुग्णालय व त्यास संलग्न, १९४६ साली स्थापन झालेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा संस्थांत शल्यचिकित्सा, क्ष-किरण व विकृतिशास्त्र हे विभाग एकत्र असल्याने या तिन्ही पायऱ्यांचा मेळ घालणे सुलभ होते. तथापि स्त्री तेथवर वेळेवर पोहोचली पाहिजे.

या दृष्टीने टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून मुंबईत केलेला अभ्यास उद्बोधक आहे. त्यात ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्या वस्त्यांतील पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा अशी तपासणी सुचविली आहे. गाठ जाणवल्यास मात्र पाळीची वाट न पाहता त्वरित रुग्णालय गाठावे. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षिका व आरोग्य कर्मचारी यांनी हा विषय महिला सभांतून निःसंकोचपणे मांडल्यास अनेक माताभगिनींचे प्राण वाचतील.