रोल तिरका का जातो?

प्रश्न : खंडाळ्यात माझं फ्लेक्स-विनाइल छपाईचं छोटं दुकान आहे. पावसाळा लागला की विनाइल आठ-दहा फुटांनंतर तिरकं जातं, कडेला लाट उठते आणि हेड घासतं. मशीन बिघडलंय का?
– एक वाचक, खंडाळा

उत्तर : मशीनवर इतक्यात खापर फोडू नका. घाटातलं धुकं तुमच्या दुकानातही शिरतं. विनाइलच्या पाठीचा कागद ती ओल पितो, कडा फुगतात. उघडा रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळून जमिनीपासून वर ठेवा. छपाईच्या आदल्या दिवशी तो मशीनच्या खोलीत आणा.

लावण्यापूर्वी रोलच्या कडेवरून तळवा फिरवा. थर पुढेमागे सरकलेले असतील, तर नळी उभी ठोकून कड सपाट करा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे अडकवे घट्ट बसवा. मीडिया एका हाताने ओढू नका. मधोमध धरून सरळ पुढे घ्या. पिंच रोलर दोन्ही कडांच्या थोडे आत बसले पाहिजेत. मग तीन-चार फूट पुढे काढून परत मागे घ्या. कड जागची हलली, तर पुन्हा लावा. ती पाच मिनिटं वाया जात नाहीत.

खालच्या नळीवर गुंडाळताना चिकटपट्टी आधी मध्ये लावा, नंतर कडांना. एक बाजू ताठ आणि दुसरी सैल असेल, तर तिरकेपणा तिथूनच सुरू होतो. सॉल्व्हंट शाई असेल तर पावसाळ्यात हीटरवर पूर्ण सुकू द्या. ओलं प्रिंट गुंडाळलं की पाठीला चिकटतं.

एवढं करूनही कड उठलीच, तर हेडची उंची एक पायरी वाढवा.