खान ज्या वाटेने उतरला, त्याच वाटेने आपली एसटी जाते का?

प्रश्न : मी दर महिन्याला एसटीने वाईहून पोलादपूरला जातो. शेजारचे प्रवासी नेहमी सांगतात, की अफझलखान याच रस्त्याने प्रतापगडाखाली आला. हे खरे आहे का? आणि एवढ्या आडवळणाचा राज्यमार्ग काढला तरी कुणी?
— एक वाचक, वाई

उत्तर : शेजाऱ्यांचे निम्मे बरोबर आहे. खान वाईहूनच निघाला आणि प्रतापगडाखालच्या पार गावी पोचला. महाबळेश्वरच्या पठारावरून मात्र तो ज्या घाटाने खाली उतरला, तो घाट तुमच्या एसटीला झेपणारा नाही.

आज सुरूर–वाई–पाचगणी–महाबळेश्वर–पोलादपूर असा हा मार्ग सलग मोजतात. सुरूरला तो पुणे–सातारा महामार्ग सोडतो, पोलादपूरला मुंबई–गोवा महामार्गाला मिळतो. पण सुरूरहून थेट पोलादपूर गाठायचे, असे मनात धरून हा रस्ता कुणी आखला नाही. वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या गरजेपोटी केलेले तुकडे पुढे एका नावाखाली आले. तुम्हाला जाणवणारे आडवळण त्या जोडकामाचे आहे.

खानाच्या वाटेचे नाव रडतोंडीचा घाट. नावातच चढणाऱ्याची अवस्था आली. इंग्रजांनी त्याचे ‘रोटुंडा’ करून टाकले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ घुमटाची गोल इमारत! ही वाट महाबळेश्वरच्या कड्यावरून सरळ खाली कोयनेच्या खोऱ्यात, पार गावाकडे उतरे. जावळीच्या रानातून खानाचे सैन्य येऊ शकावे म्हणून शिवाजी महाराजांनीच झाडी तोडवून वाट मोकळी करून दिली. खानाचा तळ पारला पडला आणि 10 नोव्हेंबर 1659 रोजी महाराजांच्या भेटीत तो मारला गेला. पार हे काही कोपऱ्यातले गाव नव्हते. तिथून पुढे पारघाट उतरून महाडकडे व्यापार चाले. 1656 मध्ये जावळी घेतल्यावर महाराजांनी मोरोपंत पिंगळ्यांकरवी प्रतापगड बांधून घेतला, तो याच वाटेवर नजर ठेवायला.

मग गाडीरस्ता कुठून आला? साहेबाला उन्हाळा सोसेना, तिथून.

1829 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेतली आणि बदल्यात वाई भागातले खंडाळा गाव दिले. हे खंडाळा खंबाटकी घाटाजवळचे, लोणावळ्याशेजारचे नव्हे. वसाहतीला नाव पडले माल्कमपेठ. तिथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. गावातल्या रस्त्यांवर त्यांचा घाम पडला आणि बटाट्याच्या वाफ्यांतही. महाबळेश्वरला गव्हर्नरांच्या नावाचे पॉइंट भरपूर आहेत. कैद्यांच्या नावाचा मात्र शोधावा लागतो.

त्या काळी मुंबईचा साहेब महाबळेश्वरला सहसा पुण्याकडून जात नसे. तो बोटीने नागोठण्याला नाहीतर सावित्रीच्या खाडीत दासगावला उतरे, महाड–पोलादपूर करत सह्याद्रीच्या पायथ्याशी येई आणि मग वर चढे. म्हणजे आज आपण ज्याला मार्गाचे शेवटचे टोक समजतो, तो तेव्हाचा दरवाजा होता. महाबळेश्वरच्या ‘मुंबई पॉइंट’चे नाव तिथून मुंबई दिसते म्हणून पडलेले नाही, मुंबईची जुनी वाट तिथून उतरे म्हणून पडले. पालखी आणि बैल रडतोंडी कशीबशी चढत, घोडागाडीला ते शक्य नव्हते. चाकाला चढ सौम्य लागतो, आणि चढ सौम्य करायचा तर रस्ता लांबवावा लागतो. म्हणून नवी आखणी झाली आणि 1876 मध्ये फिट्झगेराल्ड घाट खुला झाला. सर सेमूर फिट्झगेराल्ड हे 1867 ते 1872 या काळातले गव्हर्नर. आपण त्याला आंबेनळी म्हणतो, आणि तेच बरे.

तोवर रेल्वेने साहेबाची दिशाच फिरवली होती. 1863 मध्ये बोरघाटातून गाडी सुरू झाली आणि मुंबईहून पुणे सोपे झाले. मग पुण्याहून कात्रज, खंबाटकी, वाई आणि पसरणी घाट असा रिवाज पडला. पुढे पुणे–मिरज लोहमार्गावरच्या वाठार स्टेशनला उतरूनही लोक वाईकडे येत. मागचे दार पुढचे झाले, पुढचे मागचे.

पसरणी घाटात माझी लहानपणीची आठवण खिशातल्या आवळासुपारीची आणि खिडकीसाठी भांडणाऱ्या भावंडांची आहे. घाटाखालच्या पसरणी गावाकडे तेव्हा लक्ष गेले नाही. शाहीर साबळे तिथलेच, आणि बांधकाम व्यवसायातले बी. जी. शिर्केही तिथलेच. त्याआधीचा सुरूर–वाई पट्टा जुन्या वडांच्या सावलीचा. रुंदीकरणात त्यातले बरेच वड पडले आणि गावकऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पाचगणीनंतर भिलारचा फाटा लागतो, 2017 पासून पुस्तकांचे गाव झालेल्या भिलारचा. पुढे महाबळेश्वरपर्यंत स्ट्रॉबेरीच्या पाट्या मोजा.

आता नीट बघण्यासारखी गोष्ट सांगतो. महाबळेश्वरहून पोलादपूरला जाताना तुम्ही एकदम कोकणात उतरत नाही. उतार दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी वाडा कुंभरोशीपर्यंत. तिथून प्रतापगडाचा फाटा फुटतो. इथे खूप उतरल्यासारखे वाटते, पण ओढ्यांचे पाणी अजून कोयनेला, म्हणजे कृष्णेमार्फत बंगालच्या उपसागराला चाललेले असते. थोडे पुढे सह्याद्रीची मुख्य धार ओलांडली, की पाणी सावित्रीचे, अरबी समुद्राकडचे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच धारा सांगतात. त्यांपैकी चौघी याच रस्त्यावर भेटतात: वाईला कृष्णा, महाबळेश्वरच्या तलावावर वेण्णा, कुंभरोशीच्या खोऱ्यात कोयना, पोलादपूरला सावित्री. एका तिकिटात चार नद्या.

हे पाणी रस्त्याला सुखाने नांदू देत नाही. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आंबेनळीचा रस्ता जागोजागी खचला, वाहून गेला आणि वाहतूक बंद पडली. डोंगराच्या कुशीत सपाट पट्टी कोरली, की वरचे पाणी त्या पट्टीवर थबकते. मोऱ्या तुंबल्या, की ते भराव घेऊन खाली निघते. रडतोंडीला खचायला भराव नव्हता. ती पायवाट होती, डोंगराला न दुखवता उतरणारी. दुखायचे ते चालणाऱ्याचे गुडघे.

खानाच्या काळाला हात लावायचा असेल तर पुढच्या खेपेला पारच्या फाट्याला उतरा. गावात रामवरदायिनीचे देऊळ आहे, आणि कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल अजून उभा आहे. परतीची एसटी किती वाजता आहे, ते मात्र उतरण्याआधी कंडक्टरला विचारून घ्या.