वासोट्याच्या सहलीचा उलटा हिशोब



सहल म्हटली की आपण आधी खाऊचा विचार करतो. पण डोंगरातल्या जंगलात जायचं तर आधी वेळेचा विचार करावा लागतो. आमच्या वर्गाला डिसेंबरात वासोट्याला जायचं आहे. त्याचा बेत कसा करायचा ते या पाठात सांगितले आहे.

वासोटा कोठे आहे?

वासोटा हा सातारा जिल्ह्यातला वनदुर्ग आहे. वनदुर्ग म्हणजे दाट जंगलातला किल्ला. 1660 साली शिवाजी महाराजांनी तो घेतला व त्याचे नाव व्याघ्रगड ठेवले. 1818 साली इंग्रजांनी तोफा डागून तो जिंकला.

साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीला जातात. पुढे रस्ता नाही, पाणी आहे. हा कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. बोटीने सुमारे दीड तासाने मेट इंदवली येते. तिथे पूर्वी गाव होते. आता वस्ती नाही, वन खात्याची चौकी आहे. धरणासाठी व जंगलासाठी या खोऱ्यातली पुष्कळ गावे उठली. म्हणून तिथे जुना चौथरा दिसला तर त्यावर नाचू नये. ते कुणाचे तरी घर होते.

हे जंगल 1985 पासून कोयना अभयारण्य आहे. 2010 साली कोयना आणि सांगलीकडचे चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. येथे गवा, अस्वल, बिबट्या, सांबर आणि शेकरू आहेत. शेकरू म्हणजे मोठी खार. ती आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

उलटा हिशोब

गडावर रात्री राहायला बंदी आहे. रात्र ही जनावरांची वेळ. ती तेव्हा पाण्यावर येतात. म्हणून दिवस मावळायच्या आत आपण बाहेर पाहिजे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. गुरुजींनी शेवटाकडून हिशोब करायला सांगितला. लहान मुलांची चाल धरून तो असा झाला:

- बामणोलीला परत : सायंकाळी 5
- मेट इंदवलीहून बोट सुटणार (दीड तास) : दुपारी 3:30
- गड उतरायला सुरुवात (2 तास) : दुपारी 1:30
- गडावर पोहोचणे (वर 1 तास) : दुपारी 12:30
- चढायला सुरुवात (3 तास) : सकाळी 9:30
- बोट सुटणार (दीड तास) : सकाळी 8
- बामणोलीत हजर (परवानगी व बोट ठरवणे, अर्धा तास) : सकाळी 7:30

आता बघा, सकाळी साडेसातला बामणोलीत हजर व्हायचं तर गावाहून अंधारातच निघावं लागेल, आणि झोप न झालेली पोरं गड कशी चढणार? म्हणून आदल्या रात्री बामणोलीला मुक्काम करायचा. मुक्काम मौजेसाठी नाही, हिशोबासाठी आहे. तिथे जंगलाच्या बाहेर, पाण्याच्या काठाला, तंबूत राहायची सोय मिळते.

पावसाळ्यात गड बंद असतो. तेव्हा वाट निसरडी होते आणि जळवा लागतात. हिवाळा चांगला, पण काठाला थंडी फार.

काय न्यायचे?

1. घोंगडी किंवा चादर, स्वेटर, कानटोपी.
2. बूट. चपलेने उतारावर पाय घसरतो.
3. पाण्याची बाटली, प्रत्येकाला 2 लिटर. आम्ही 24 मुले व 4 मोठी माणसे, मिळून 28. म्हणजे 56 लिटर पाणी झाले.
4. बॅटरी, शिट्टी, काठी, औषधाची पेटी.
5. डब्यात भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे. वेष्टनातला खाऊ नको.

वन खाते जाताना प्लॅस्टिकच्या वस्तू मोजते व अनामत रक्कम घेते. सगळ्या वस्तू परत आणून दाखवल्या की पैसे परत मिळतात. प्लॅस्टिक नेलेच नाही तर मोजायची कटकटच नाही!

नियम

- बोटीत लाइफ जॅकेट घालायचे. उभे राहायचे नाही.
- दोघांची जोडी करायची. जोडीदार सोडून कुठेही जायचे नाही, लघवीलासुद्धा.
- जंगलात जाळ करायचा नाही. वाळले गवत भुरकन पेटते.
- गवा दिसला तर ओरडायचे नाही, दगड मारायचा नाही. गप मागे सरायचे.
- साप चावला तर जखम कापायची नाही, दोरीने आवळायची नाही, मांत्रिक नको. हलू न देता लवकर दवाखान्यात न्यायचे.
- तिकडे मोबाईलला भरवसा नाही. म्हणून परतीची वेळ लिहून एक कागद शाळेत आणि एक बामणोलीत ठेवायचा.

पालकांना विनंती

आमच्या वर्गातल्या काही मुलींच्या घरी रात्रीच्या मुक्कामाला नको म्हणतात. मुलींचा तंबू वेगळा राहील व बाई त्यांच्याबरोबर झोपतील. कुणाची आई येणार असेल तर फार बरे होईल. वर्गात सगळ्यात दमदार चढणाऱ्या मुलीच आहेत. त्या घरी राहिल्या तर जोड्या कशा जुळणार?

दुसरे असे की, पैशांसाठी कुणी मागे राहू नये. ज्यांना वर्गणी जमत नाही त्यांनी शिधा द्यावा. रात्रीच्या खिचडीला माणशी 150 ग्रॅम डाळ-तांदूळ धरले तर 28 जणांना 4 किलो 200 ग्रॅम लागतात. कुणी तांदूळ, कुणी डाळ, कुणी कांदे द्यावेत. हिशोब वहीत लिहू, पण कुणी काय दिले ते वर्गात वाचणार नाही.

पहिली-दुसरीच्या बाळांनी रुसू नये. त्यांच्यासाठी सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर आहे. तिथला डोंगर उघडा होता. धों. म. मोहिते यांनी पुढाकार घेऊन तिथे झाडे लावली, जगवली आणि 1985 साली ते अभयारण्य झाले. तिथे हरणे दिसतात व एका दिवसात परत येता येते.

सांगा पाहू

1. बोट अर्धा तास उशिरा सुटली तर गडावरचा वेळ किती उरेल?
2. 28 जणांच्या जोड्या किती?
3. वर पोहोचायला दुपारचा दीड वाजला तर काय करावे?

तिसऱ्याचे उत्तर आम्हीच सांगतो. वर न थांबता लगेच खाली फिरावे. गड कुठे जात नाही, पुढल्या वर्षी परत येता येते.

— इयत्ता चौथी