आजचं चिंतन : गीता, अध्याय १८, श्लोक २२



ज्ञानाचे तीन प्रकार सांगताना भगवंत इथे तामस ज्ञानावर येतात. एकच गोष्ट धरून बसायचं, तेवढंच म्हणजे सगळं समजायचं, आणि 'का?' विचारलं तर कारण देता येत नाही. पण यालाही ते ज्ञानच म्हणतात, अज्ञान नाही! मला हे आधी खटकायचं.

मग आपल्या जिल्ह्यातलं पंढरपूर आठवलं. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या भाविकांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली मे महिन्यात उपोषण केलं. विरोध करणारे सगळेच काही अडाणी नव्हते, शास्त्र शिकलेलेही होते. पण रूढी हाच त्यांचा अख्खा धर्म झाला होता.

विसाव्या श्लोकातल्या सात्त्विक ज्ञानातही 'एक' आहेच. तिथे सगळ्यांत एक दिसतो, इथे एकालाच सगळं मानलं जातं.

परवा मी एकच लॉग बघून ज्युनिअरला सगळ्यांसमोर झापलं. चूक माझ्याच कोडमध्ये निघाली. लॉग खोटा नव्हता बरं का, अपुरा होता. तेवढ्यावर माझी मात्र पक्की खात्री! आज ऑफिसला गेल्या गेल्या त्याला सॉरी म्हणायचंय, तेही सगळ्यांसमोरच.