भाडं थांबवू नका, आधी पत्र लिहा

जून उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: छप्पर आणि ओल. दिवाळीनंतर तो रंगकामाकडे वळतो. या खेपेला दोन्ही एकदमच आले आहेत. पत्रं लांबलचक होती. मुद्दा तेवढा ठेवला आहे.

आम्ही शनिवार पेठेत वाड्यातल्या दोन खोल्यांत तीन पिढ्या राहतो. भाडं महिना ३०० रुपये. गेल्या पावसाळ्यापासून गळतं आहे, एक वासाही कुजला आहे. मालक म्हणतात, "तीनशे रुपयांत काय नवं छप्पर घालून देऊ?" म्हणून चार महिने भाडं दिलेलं नाही. स्वतः दुरुस्ती केली तर पैसे भाड्यातून वळते करता येतील का?

थकलेले बाराशे रुपये आधी भरा. चेकने किंवा थेट खात्यावर भरा, म्हणजे नोंद राहील. मालकानं थकबाकीची लेखी मागणी केली आणि त्यानंतर ९० दिवस उलटले, की दावा लावायचा रस्ता त्याला मोकळा होतो. मग कोर्टात चर्चा कौलांची होत नाही, तुमच्या थकबाकीची होते. गळक्या छपराची बळकट बाजू असलेले भाडेकरू या एका चुकीनं आरोपीसारखे उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

आता तुमचा हक्क. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम १४ नुसार, वेगळा करार झालेला नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. उन्हाळ्यातली शाकारणी त्यात आली आणि कुजलेला वासाही आला. मालक हलत नसेल तर त्याला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची. त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झालं नाही, तर तुम्ही ते करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकता. हिशेब आणि पावत्या नीट ठेवल्यात तर खर्चाचा तोच निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून सुताराकडून, कौलवाल्याकडून, अगदी हमालाकडूनही सही घ्या. "आमचा नेहमीचाच माणूस आहे, पावती कशाला?" हे वाक्य मला दर वर्षी ऐकू येतं आणि दर वर्षी ते महागात पडतं.

पण याच कलमात एक अट आहे, ती बहुतेकांना ठाऊक नसते. एका वर्षात वसूल करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. तुमचं वर्षाचं भाडं ३६०० रुपये, त्याचा चौथा हिस्सा ९०० रुपये. समजा, वासा बदलून, रिपा ठोकून, कौलं परतून १८००० रुपये झाले, तर ते फिटायला २० वर्षं लागतील! हक्क खरा, पण तुमच्या भाड्यात तो फार दूर नेत नाही.

आणि मालकाचं बोलणं उर्मट असलं तरी पोकळ नाही. कायद्यानं त्याला वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, म्हणजे तुमच्या तीनशेवर १२ रुपये. त्यात एक कौल येत असेल तर मला कळवा. म्हणून मी तडजोड सुचवतो. लाकूड मालकाचं, मजुरी तुमची, किंवा खर्च निम्मा निम्मा. मात्र ते कागदावर लिहा आणि त्यात दोन वाक्यं हवीतच: तुम्ही दिलेली रक्कम ही भाडेवाढ नाही, आणि काम मालकाच्या संमतीनं झालं आहे. दुसरं वाक्य का? जुनं तसंच परत बसवणं ही दुरुस्ती. पण त्या निमित्तानं भिंत चढवून माळा काढलात, तर लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केल्याबद्दल जागा खाली करून मागता येते. शेजारच्या बिऱ्हाडांचंही छप्पर तेच असेल तर सगळ्यांनी मिळून एकच नोटीस द्या. खर्च प्रत्येकाच्या भाड्याच्या प्रमाणात वाटला जातो.

मुंबईतल्या नातेवाइकांनी तुम्हाला "म्हाडाकडे जा" असं सांगितल्याचं पत्रात आहे. ते दुरुस्ती मंडळ मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी आहे. पुण्याच्या वाड्याला त्याचा उपयोग नाही. इथे वाडा धोकादायक झाला तर महापालिका तिच्या कायद्याच्या कलम २६४ खाली नोटीस काढते आणि मग भाडेकरूंची झोप उडते: वाडा पाडला तर हक्कही जाणार का? शहा रतनसी खिमजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानं २०१४ मध्ये सांगितलं आहे की, महापालिकेनं इमारत पाडली म्हणून भाडेकरूपण संपत नाही. तरी नोटीस यायची वाट न पाहता खोल्यांची मापं, फोटो, वीजबिल आणि भाडेपावत्या एका फाइलीत लावून ठेवा.

कोथरूडला अकरा महिन्यांच्या करारावर राहते. न्हाणीघराच्या भिंतीला पोपडे आलेत, पाणी वरच्या फ्लॅटमधून येतं असं प्लंबर म्हणतो. घरमालक परदेशात. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "तुम्ही मेंबर नाही." दोन महिन्यांचं भाडं कापून काम करून घेऊ का?

नको. वर सांगितलेलं कलम १४ तुमच्या कामाचं नाही, कारण लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. बोलताना आपण त्याला भाडेकरूच म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. तुमचा आधार म्हणजे तुमचा करार. त्यात दुरुस्तीचं कलम काय म्हणतं ते वाचा. बहुधा "किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने करावी" असं असेल आणि किरकोळ म्हणजे किती, हे कुठेच नसेल. पुढच्या करारात रुपयांचा आकडा घालून घ्या.

पैशांआधी पाणी कुठलं ते ठरवा. ओल पावसाळ्यातच वाढत असेल तर संशय बाहेरच्या भिंतीवर किंवा सामाईक पाइपवर. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंती, पावसाची गळती आणि सामाईक पाइप हे संस्थेचं काम आहे. बारा महिने ओल असेल तर वरच्यांच्या न्हाणीची चाचणी घ्या. ट्रॅपला बोळा लावून फरशीवर बोटभर पाणी २४ तास साठवायचं, त्यात थोडा खाण्याचा रंग घालायचा. तो रंग तुमच्या भिंतीत उतरला की वाद संपला. न्हाणी, संडास, सिंकची गळती उपविधी सभासदांच्या आपापसात टाकतात. म्हणजे खर्च वरच्यांचा. वरचे नळ बंद असतानाही भिंत ओलीच राहत असेल, तर भिंतीतली नळाची लाइन गेली आहे.

सेक्रेटरी तुम्हाला दाद देणार नाहीत हे खरं, पण तुमच्या मालकाला द्यावी लागेल. त्यांना फोटो आणि प्लंबरचं लेखी मत ईमेल करा आणि सभासद म्हणून सोसायटीला त्यांनीच पत्र लिहावं, असं सांगा. परदेशातून ईमेल करायला व्हिसा लागत नाही. त्याच ईमेलमध्ये, ओल स्विचबोर्डाजवळ आली असेल तर तेही लिहा, आणि तो बोर्ड आजपासून वापरू नका. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५७ प्रमाणे, जागेतला धोकादायक दोष मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. मागच्या बिऱ्हाडानंही हीच तक्रार केली होती का, हे शेजाऱ्यांना विचारून ठेवा.

वाघोलीत टँकरचं पाणी. दीड वर्षात गिझरचं एलिमेंट दोनदा गेलं. खर्च कुणाचा?

एलिमेंट क्षारांनी गेलं. पाणी जितकं तापतं तितके क्षार जास्त बसतात. त्या थरामुळे उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंट स्वतःच तापून जळतं. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आदर्श भाडे अधिनियम केला, त्याच्या परिशिष्टात गिझर, नळाचे वायसर, स्विच, खिडकीच्या काचा राहणाऱ्याकडे आहेत. रंगसफेदी, पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे. आपल्या राज्यात तो लागू नाही, तरी भांडण मिटवायला फूटपट्टी म्हणून मी तो वापरतो. माझं स्वतःचं मत थोडं वेगळं आहे. एलिमेंट तुम्ही बदला, पण टाकी गळली तर ती मालकाची, कारण टाकी वापरानं नाही, वयानं जाते. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवा आणि टाकीतली मॅग्नेशियमची कांडी संपली आहे का ते मेकॅनिकला पाहायला लावा. बहुतेक मेकॅनिक आपणहून पाहत नाहीत.

डोंबिवलीचा घरमालक आहे. तीन वर्षं राहून बिऱ्हाड गेलं. भिंती कळकट, खिळ्यांची भोकं, न्हाणीतल्या दोन टाइल्स फुटलेल्या. रंगाचे २५००० डिपॉझिटमधून कापले, ते आता नोटीस देतो म्हणतात.

टाइल्सचे कापा, रंगाचे परत करा. भाडेपट्ट्यात जागा होती तशी परत द्यायची असते, पण वाजवी वापरानं होणारी झीज मालमत्ता हस्तांतरण कायद्यानंच त्यातून वगळली आहे. लायसन्सलाही मी तोच न्याय लावीन. तीन वर्षांनी भिंत कळकट होणारच; तुम्ही स्वतः राहिला असतात तरी रंग काढावा लागला असता. कॅलेंडरचे दोनचार खिळे झिजेत मोडतात. ड्रिल मारून टाइल फोडली, तर ते नुकसान. करारात "जाताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी" असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तेवढंच, २५००० नव्हे. पुढच्या वेळी किल्ली देताना आणि घेताना घरभर फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.

दुरुस्तीची नोटीस दिल्यावर मालकानं चिडून आमच्या चाळीतल्या तीन बिऱ्हाडांचं पाणी तोडलं.

हे बेकायदा आहे. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, सफाई यांपैकी काहीही सबळ कारणाशिवाय तोडायला भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ मनाई करतं आणि त्यासाठी शिक्षाही आहे. कोर्टाकडे तातडीनं अर्ज करा; तोडलेली सेवा सुरू करण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. अर्जासोबत तुमच्या दुरुस्तीच्या नोटिशीची प्रत आणि पोस्टाची पोच लावा. पाणी कोणत्या तारखेला गेलं, हे त्यांच्याशेजारी ठेवलं की पुढचं फारसं सांगावं लागणार नाही.